फुलांचे ताटवे, काळी माती आणि नागपूरचे ऊन

प्रतिनिधी, नागपूर

जानेवारीत नागपूरच्या कोणत्याही जुन्या वस्तीतून फेरफटका मारला, तर कुंपणाआड पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया आणि शेवंतीची दाटी दिसते. मे अखेरीस त्याच घरांसमोरून गेले, तर भेगाळलेली माती, वाळलेली खुंटे आणि कोपऱ्यात तग धरून राहिलेली एखादी सदाफुली एवढेच उरलेले असते. हौसेने आणि खर्चाने उभा केलेला ताटवा पाच महिन्यांत नाहीसा होतो आणि सगळा दोष उन्हाच्या माथी मारला जातो. ऊन निर्दोष नाहीच. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. तथापि, उन्हाळ्यात वाळणाऱ्या झाडांचे दुखणे बहुधा पावसाळ्यातच सुरू झालेले असते आणि ते जमिनीखाली असल्यामुळे दिसत नाही.

बागा या शहराला नव्या नाहीत. महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा, तेलंगखेडी ही भोसलेकालीन बागांचीच नावे आहेत. त्यापैकी महाराजबागेच्या परिसरात १९०६ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा भाग आहे. मातीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो ही संस्थाही याच शहरात, अमरावती मार्गावर आहे. म्हणजे ज्ञानाची वानवा नाही. पण कुंपणाच्या आतली चार वाफे जमीन मात्र बहुतेक जण रोपवाटिकेतील सांगीवांगीवर आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या माळीबुवांवर सोपवून मोकळे होतात.

मातीचे गणित

शहराच्या पश्चिमेकडील मोठ्या भागात बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी, भारी, चिकण माती आहे. ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत जमिनीला पडणाऱ्या भेगा केवळ दिसायला वाईट नसतात. माती फाटताना तिच्यातील केसासारखी बारीक मुळेही तुटतात आणि उरलेल्या मुळांपर्यंत गरम कोरडी हवा पोहोचते. पाणी टाकले तरी ते भेगेतून थेट खाली निघून जाते. वरून भिजलेले दिसणारे झाड तहानलेलेच राहते ते असे.

कापसाला जी माती मानवते ती पिटुनियाला मानवेलच असे नाही. तिला हलके करण्यासाठी अनेक जण वाळूची दोन-चार घमेली मिसळतात. हा उपाय फसवा आहे. थोडी वाळू चिकणमातीत मिसळली की दोन्ही मिळून विटेसारखा टणक थर तयार होतो. वाळूचा उपयोग व्हायचा तर ती इतकी टाकावी लागेल की ती माती काळी म्हणवणारच नाही. खरा उपाय सेंद्रिय खताचा. चांगले कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे कंपोस्ट किंवा गांडूळखत दरवर्षी दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी आणि दसऱ्याच्या सुमारास, वरच्या वीतभर थरात मिसळावे. पहिल्या वर्षी फरक जाणवत नाही. तिसऱ्या वर्षी मात्र खुरपे सहज आत जाऊ लागते. कच्चे शेण कदापि घालू नये. त्याची उष्णता मुळांना जाळते आणि हुमणीच्या अळ्या त्यासोबत फुकट येतात.

गुलाबाच्या बाबतीत एक चूक इतकी सर्वत्र होते की तिचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. काळ्या जमिनीत दोन फूट खोल खड्डा खणायचा, तो पोयटा माती व शेणखताने भरायचा आणि त्यात कलम लावायचे, अशी पद्धत आहे. उन्हाळ्यात ती उत्तम वाटते. पावसाळ्यात मात्र भोवतालची चिकणमाती पाणी झिरपू देत नाही आणि भुसभुशीत मातीचा तो खड्डा पाण्याने भरलेल्या वाडग्यासारखा होतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. झाड माना टाकते. माना टाकलेले झाड पाहून घरातले कोणीतरी त्याला आणखी एक बादली पाणी घालते. प्रस्तुत प्रतिनिधीने आपल्या अंगणातील सात गुलाब एकाच श्रावणात असे बुडवले आहेत. आठवा वाचला, कारण तो लावताना खड्डा खणायचा कंटाळा आला होता आणि तो मातीच्या ढिगावरच रोवला गेला होता.

त्या आठव्या गुलाबातच या प्रश्नाचे उत्तर होते. काळ्या मातीत फुलझाडे जमिनीत नव्हे, जमिनीवर लावावीत. वाफा आजूबाजूच्या पातळीपेक्षा २० ते ३० सेंटिमीटर उंच असावा. याला गादीवाफा म्हणतात. रुंदी चार फुटांहून अधिक नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की ती दबते, आणि दबलेली माती मोकळी व्हायला पुढचा हंगाम जातो. कडेला विटा लावायच्या झाल्यास सिमेंटने जोडू नयेत. फटींतून पाणी निघून जाऊ द्यावे.

रस्ता उंच, अंगण खोल

नागपुरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा बहुतांश पाऊस पडून जातो. तो सावकाश पडत नाही. पूर्वी अंगणातले पाणी उतारावरून रस्त्याकडे जात असे. अनेक वस्त्यांमध्ये सिमेंटचे रस्ते झाल्यानंतर त्यांची पातळी घरांच्या अंगणाहून उंच झाली आणि प्रवाह उलट फिरला. आता रस्त्याचे पाणी फाटकातून आत येते आणि सर्वांत सखल जागी, म्हणजे बहुधा फुलांच्या वाफ्यात, मुक्काम ठोकते. याबाबत नागरिकांची गाऱ्हाणी जुनीच आहेत. ती सुटेपर्यंत घरमालकाच्या हाती एवढेच आहे की फाटकापाशी आडवा चर ठेवून पाणी कडेच्या नालीत वळवावे, आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहून ते कुठून येते व कुठे थांबते हे डोळ्यांनी पाहावे. कोणत्याही पुस्तकापेक्षा ही पाहणी अधिक उपयोगी पडते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. ज्या घरांतील माणसे आणि संसार संकटात सापडले तेथे फुलांचा विचार कोणी करणार नाही, हे उघड आहे. मात्र पाणी ओसरल्यावर अंगणात साचलेल्या चिखलाचे काय करायचे, हा प्रश्न त्या वेळी अनेकांपुढे होता आणि तो पुन्हा उद्भवू शकतो. अशा गाळात सांडपाणी मिसळलेले असते. तो नदीचा सुपीक गाळ समजून वाफ्यात मिसळू नये. हातमोजे व बूट घालूनच काम करावे. पानांवरचा चिखल त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुवावा, पण जमिनीला हात लावण्याची घाई करू नये. जमीन वाफशावर आली, म्हणजे मुठीत दाबलेला गोळा बोटाने सहज फुटू लागला, की वरचा थर खरवडून बाहेर काढावा आणि मगच खुरपणी करावी. ज्या झाडांची मुळे काळी व मऊ पडली असतील ती काढून टाकावीत. त्या जागी लगेच तेच झाड पुन्हा लावू नये.

मृगापासून दसऱ्यापर्यंत

बागेचे वर्ष मृग नक्षत्रापासून मोजावे. जूनमध्ये झेंडू, झिनिया, तेरडा, कोंबडा, कॉसमॉस यांचे बी टाकले की महालक्ष्म्यांच्या सुमारास घरची फुले मिळतात. दसऱ्याच्या झेंडूसाठी दुसरी पेरणी जुलैच्या उत्तरार्धात करावी. झेंडूचा आणखी एक गुण असा की त्याच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये मातीतील सूत्रकृमींना मारक ठरतात. त्यामुळे ज्या वाफ्यात रोपे विनाकारण खुजी राहतात तेथे एक हंगाम झेंडूच लावणे श्रेयस्कर.

पावसाळ्यातील खरे काम निंदणाचे. लव्हाळा, हरळी, केना आणि गाजरगवत ही चार नावे ओळखता आली तरी पुरे. गाजरगवत फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावे आणि हात झाकून उपटावे. अनेकांना त्याने त्वचेचा व श्वासाचा त्रास होतो. लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. तो उपटला की पाते हाती येते आणि गाठ जमिनीत राहते, आणि त्या गाठीतून पुन्हा फुटवे येतात. खुरप्याने खोल जाऊन गाठ काढणे, आणि ते काम आठवड्याला न चुकता करणे, याला पर्याय नाही. तणनाशकाची बाटली फुलांच्या वाफ्यापासून दूरच ठेवावी. वाऱ्याने उडालेले चार थेंब गुलाबाची पाने वेडीवाकडी करायला पुरतात.

पाऊस ओसरल्यावर, साधारण कोजागरीच्या आसपास, गुलाबाची छाटणी करावी. धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपा काप घ्यावा. कापावर बोर्डो मलम लावावे, अन्यथा फांदी वरून खाली काळी पडत येते. सुमारे दीड महिन्याने फुले लागतात. कलमाच्या सांध्याखालून जोमदार फांदी फुटली तर ती जंगली खुंटाची असते. तिची वाढ पाहून हरखून जाऊ नये, ती मुळापासून काढावी. ‘गुलाब रंग बदलून रानटी झाला’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या बागेत बहुधा हेच घडलेले असते.

हिवाळी मोसमी फुलांचे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये टाकावे आणि रोपे महिन्याभराची झाली की लावावीत. परतीच्या पावसाची एखादी सर रोपांना कोलमडवते, म्हणून रोपवाफ्यावर आडोसा हवा. हिवाळ्यात फारसे काही बिघडत नाही. भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारे गंधक फवारावे. २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तशी रात्र येण्याची चिन्हे असतील तर संध्याकाळी वाफ्याला हलके पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब अधिक काळ धरून ठेवते.

शेवंतीविषयी मात्र दोन शब्द. ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती आहे. तिला कळ्या धरण्यासाठी लांब आणि अखंड अंधाराची रात्र लागते. रस्त्यावरील दिव्याचा झोत थेट वाफ्यावर पडत असेल तर शेवंती हिरवीगार वाढत राहते, पण कळ्या उशिरा धरते किंवा धरतच नाही. खत बदलून उपयोग नाही, जागा बदलावी.

पाणी : कोणते आणि केव्हा

२०१९ च्या जुलैत पेंच प्रकल्पाचा साठा तळाला गेल्याने नागपूरकरांना दिवसाआड पाणीपुरवठ्याला सामोरे जावे लागले होते. तेव्हापासून पिण्याचे पाणी नळीने वाफ्यात सोडताना संकोच वाटणारी घरे वाढली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण पर्यायी पाणी वापरताना थोडी पारख हवी.

कूलरच्या टाकीचे उरलेले पाणी झाडांना घालण्याची आपल्याकडे सार्वत्रिक सवय आहे. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मात्र टाकीतच राहतात. दिवसेंदिवस ते पाणी अधिकाधिक खारट होत जाते. टाकी रोज रिकामी होत असेल तर हरकत नाही. आठवडाभर केवळ भर घालत आलेल्या टाकीचा तळ वाफ्यात ओतला तर पानांच्या कडा करपतात. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही याच जातीचे, ते फरशी धुण्यासाठी ठेवावे. याउलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळपास क्षारविरहित असते. ते बादलीत धरून कुंड्यांना घातल्यास उत्तम.

विहीर व बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. माती आधीच चुनखडीयुक्त, त्यात हे पाणी. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्रा बागायतदारांना हा रोग चांगला परिचित आहे. ही लोहाची उणीव होय. मातीत लोह असते, परंतु अल्कधर्मी जमिनीत ते मुळांना घेता येत नाही. म्हणून हिराकस मातीत टाकण्यापेक्षा लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात, लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून, संध्याकाळी पानांवर फवारावा. चिलेटेड लोह महाग पडते, पण अधिक खात्रीचे.

उन्हाळ्यात पाणी पहाटे द्यावे आणि भरपूर द्यावे. रोज वरवर शिंपडण्याने मुळे वरच राहतात, म्हणजे तापलेल्या थरातच. एक-दोन दिवसाआड पण वीतभर खोल मुरेल असे पाणी दिल्यास ती खाली जातात. वाळलेला पाला, गवत किंवा नारळाच्या शेंड्या यांचे दोन-तीन इंच आच्छादन पसरावे. ते खोडाला टेकू देऊ नये, अन्यथा उधई लागते. कडुलिंबाचा पाला मार्चमध्ये रस्तोरस्ती झाडून जाळला जातो. तो जाळणाऱ्याकडून मागून घ्यावा. याहून स्वस्त आच्छादन नाही आणि शेजाऱ्यांचा धूरही वाचतो.

पश्चिमेच्या भिंतीलगतचा वाफा सर्वांत आधी मरतो. दुपारी तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. तेथे हिरवी जाळी बांधून भागत नाही. त्या जागी कर्दळ किंवा बोगनवेलच लावावी. अन्य वाफ्यांवर निम्मे ऊन अडवणारी जाळी डोक्यापेक्षा उंच बांधावी, म्हणजे खालून हवा खेळते. उन्हाळ्यासाठी पोर्चुलाका (आपला ‘ऑफिस टाइम’), गॅलार्डिया, बटणफूल, सदाफुली आणि मोगरा ही माणसे विश्वासाची. यांचे बी वा रोप फेब्रुवारीतच जमिनीत जायला हवे. मार्चमध्ये २०२३ साली जी-२० अंतर्गत सी-२० परिषदेच्या निमित्ताने शहरातील रस्ते फुलांनी सजले तेव्हा ते देखणे दिसले खरे, पण त्या महिन्यात लावलेल्या नाजूक रोपांपुढे काय वाढून ठेवलेले असते हे इथला कोणताही माळी सांगेल. नवतपा, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस, हा काळ फक्त झाडे जगवण्याचा. या दिवसांत खत, छाटणी, फवारणी, रोपांची हलवाहलव यांपैकी काहीही करू नये.

किडीपेक्षा औषध जहाल

मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण आणि उन्हाळ्यात लाल कोळी या नेहमीच्या किडी. यांच्यासाठी घरोघरी शेतीतील जहाल कीटकनाशके वापरली जातात, हे चिंताजनक आहे. २०१७ मध्ये विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तीच औषधे लहान बाटलीत भरून, मुले खेळतात त्या अंगणात, तोंडाला रुमालही न बांधता आपल्या घरचा माळी फवारत असतो. त्याला काय फवारतो आहेस असे विचारणे ही घरमालकाची जबाबदारी आहे.

पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारला तरी मावा आणि लाल कोळी बरेच कमी होतात. न भागल्यास निंबोळी अर्क. जून-जुलैत कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम गराची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून एक लिटर करावी, चिमूटभर साबण घालून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावी. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून काढता येतात.

चार पायांचे आणि दोन पायांचे

सेमिनरी हिल्स, गोरेवाडा यांसारख्या झाडीलगतच्या वस्त्यांत वानरांचा त्रास असतो. जास्वंदीच्या कळ्या आणि गुलाबाचे कोवळे धुमारे त्यांना विशेष प्रिय. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार त्यांना इजा करणे वा पकडणे गुन्हा आहे. त्यांना पोळ्या-केळी घालणे एका गल्लीने बंद केले नाही, तर कोणतीही जाळी फार काळ टिकत नाही. भटकी कुत्री मे महिन्यात ओल्या वाफ्यात खड्डा करून बसतात, ती केवळ गारव्यासाठी. बोरीच्या काटेरी फांद्या रोपांमध्ये आडव्या टाकाव्यात आणि शक्य असल्यास सावलीत एक ओला कोपरा व पाण्याचे भांडे त्यांच्यासाठी सोडावे. वाफा वाचतो.

आणि मग पहाटे पाचला पिशवी घेऊन फिरणारी सज्जन मंडळी. कुंपणाबाहेर आलेली फांदी सार्वजनिक असते, असा त्यांचा दृढ समज आहे. फुले देवासाठी असल्याने त्यांना कोणी चोर म्हणत नाही आणि तेही स्वतःला तसे समजत नाहीत. फुलापेक्षा नुकसान अधिक होते ते ओढण्याने. जास्वंद वा चाफ्याची फांदी साल सोलून तुटते आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते. फलक लावून, ओरडून किंवा कुंपणावर काचा लावून हे थांबल्याचे उदाहरण प्रस्तुत प्रतिनिधीच्या पाहण्यात नाही. एका परिचित कुटुंबाने मात्र कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, तगर, कन्हेर आणि देशी जास्वंदीची एक रांग लावली आणि तिला रोजचे पाणी सुरू केले. कन्हेर सर्वांगी विषारी असल्याने लहान मुले असतील तेथे ती वगळावी. दुसऱ्या वर्षापासून पिशवीवाल्यांचा ओढा त्या रांगेकडे वळला. आतल्या शेवंतीला हात लागला नाही आणि एक आजोबा तर हल्ली सोबत बाटलीभर पाणी आणून त्या रांगेला घालू लागले आहेत.